मोठ्या माणसांचं कार्टून

विरूच्या पायातला खिळा सगळ्यांनी पाहिला. त्याच्या गुडघ्यांखालून घातलेली काठी फक्त मी आणि मलप्पानं पाहिली.

गोठ्यातून ओरडणं आलं तेव्हा मी ओसरीच्या पायरीवर दात घासत होते. ते माणसाचं आहे हे आधी कळलंच नाही. धावत गेले. मलप्पा आमचा सालगडी, आणि विरूपाक्ष त्याचा पाच वर्षांचा मुलगा. तो शेणात कुशीवर पडला होता. गुडघे छातीशी, हात गुडघ्यांना मिठी मारल्यासारखे, मनगटं दाव्यानं पुढे आवळलेली. एक काठी दोन्ही गुडघ्यांच्या खालून आणि कोपरांच्या वरून आरपार गेली होती. त्यामुळे त्याला ना पाय सोडता येत होते ना हात. उजव्या टाचेत बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा खिळा होता. रक्त फारसं नव्हतं, कारण खिळा आतच होता.

समोर माझा भाचा आदर्श हातोडी घेऊन उकिडवा बसला होता. दुसरीत आहे. तो हसत होता, पण नजर विरूच्या तोंडावर होती. भुईनळा पेटवून मागे सरकल्यावर पोरं बघतात तशी.

"आत्या, थांब. आता हे उठतंय बघ," तो म्हणाला. "उठतंय आन् नाचतंय. टकटक टकटक."

मलप्पा विहिरीकडून पळत आला. त्यानं पोराच्या पायाकडे पाहिलं नाही. आधी काठी ओढून काढली आणि गव्हाणीपलीकडे फेकली. मग मनगटांचा दोर सोडला, मग पोराला उचललं. पोरालाच लाडानं "अप्पा, अप्पा," एवढंच म्हणत होता. पायाकडे त्याची नजर सगळ्यात शेवटी गेली. हा क्रम मला विचित्र वाटला.

वहिनीनं, तारामतीवहिनीनं, आदर्शला पायातल्या चपलेनं बडवायला सुरुवात केली. "कुठं शिकलास रे हे? बोल. बोल, न्हाई तर तुझ्याच पायात ठोकते!"

"कार्टूनात!" आदर्श किंचाळला. "कार्टूनात ठोकतेत! तात्या बैल ठोकतंय!"

माझा भाऊ वैजनाथ तोवर जीप काढून आला होता. त्यानं विरूला मलप्पाच्या हातातून घेतलं, मांडीवर झोपवलं आणि गाडी व्यंकटला चालवायला लावली. व्यंकट त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. आमच्याकडेच पडून असतो. उमरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खिळा काढला तेव्हा विरूनं मलप्पाच्या मनगटाला चावा घेतला. मलप्पानं हात मागे घेतला नाही. दात आत रुतले, कातडी फाटली, तो तसाच उभा राहिला. दादाच्या पांढऱ्या शर्टावर रक्त होतं आणि तो रडत होता. खोटं रडत नव्हता, हे मी जवळून पाहिलं आहे.

"हाडाला चाटून गेला," डॉक्टर म्हणाले. "पिकलं न्हाई तर चालंल तो. कसं झालं हे?"

"खेळता खेळता," दादा म्हणाला. मग मलप्पाकडे वळला. "मलप्पा, ज्यानं हे माझ्या लेकराच्या डोक्यात घातलं ना, त्याला आणून तुझ्या पायावर घालतो. आज."

"जाऊ द्या, मालक," मलप्पा म्हणाला.

"न्हाई जाऊ देत."

घरी आल्यावर वहिनीनं मोबाईल दादासमोर आपटला. "हे तुम्हीच पाठवलं होतं पोळ्याला. सगळ्या भावकीच्या ग्रुपवर. तवापासून ह्याला भरवायचं म्हणलं की हेच लावावं लागतंय."

"मला काय ठावं?" दादा म्हणाला. "बैलं दिसले, झुली दिसल्या, शिंगाला बेगड दिसलं. कार्टून म्हणल्यावर लेकरांचंच असणार की. पाठवलं."

मोबाईल मी घेतला. कार्टूनचं नाव 'बैलवाडी'. लहान मुलांच्या गाण्यांच्या व्हिडिओत असतं तसं सुरुवातीला हिरवं कुरण, डोळे मिचकावणारा सूर्य, एक फुलपाखरू. मग फुलपाखरावर खूर पडतो आणि पडदाभर पिवळा रेंदा उडतो. फेटा बांधलेला एक जाडा बैल येऊन सांगतो, "हे कार्टून मोठ्या माणसांचं हाय. लेकराबाळांनी डोळे झाकावेत. आन् बोटांच्या फटीतून बघू नये." आदर्शला ही सूचना पाठ होती. तो ती बैलाच्या आवाजात म्हणायचा आणि डोळ्यांवर हात ठेवून बोटं फाकायचा. आम्ही सगळे हसायचो. मीही.

प्रत्येक भागाच्या शेवटी एक पाटी येई: लग्नाचे, वाढदिवसाचे व क्लासचे अॅनिमेशन करून मिळेल. खाली लातूरचा पत्ता आणि नंबर.

"गाडी काढ, व्यंकट," दादा म्हणाला. "आन् ह्यालाही घे." ह्याला म्हणजे आदर्शला. "दाखवतो त्याला, कशाचं काय होतंय ते."

मी म्हणाले, पोराला सांभाळायला मी येते. कुणी नाही म्हणालं नाही. दादाच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं, कारण मागच्या सीटखाली त्यानं कुदळीचा दांडा टाकला होता, आणि जनावर भरताना लागतो तो दोर जीपमध्ये कायमचाच असतो. लातुरात कुणी तरी एक माणूस खुर्चीवर बसून काम करत असेल आणि त्याला हे माहीत नव्हतं. त्याचे हातपाय शाबूत राहतील की नाही, हे आता वाटेतच ठरणार होतं.

नांदेड मागे पडेपर्यंत मी कानात हेडफोन घालून 'बैलवाडी' बघत होते. मी प्राणिशास्त्राची पदवी घेतली आहे. एखादी गोष्ट झाली तर ती कशामुळे झाली हे वेगळं काढून बघायची सवय लागली आहे, आणि मला खरंच जाणून घ्यायचं होतं की पोरानं नेमकं काय पाहिलं.

बैलवाडीत बैल कारभारी आहेत आणि माणसं गोठ्यात बांधलेली असतात. माणसांना ते दोनपायी म्हणतात. पोळ्याला दोनपायींना रंगवतात, नैवेद्य खाऊ घालतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपतात. पत्रीच्या भागात तात्या बैल चष्मा लावून म्हणतो, "दोनपायी लंगडून राहिला. पत्री ठोका." चार बैल एका माणसाला पाडतात. खिळे ठोकतात. हापशातून यावी तशी रक्ताची धार उडते आणि एक गोऱ्हं तिच्याखाली साबण लावून आंघोळ करतं. मग माणूस उठतो आणि पत्र्या वाजवत नाचतो. टकटक टकटक. शेवटी बालवाडीतल्या बाईचा आवाज विचारतो, "तर छोट्या दोस्तांनो, आज आपण काय शिकलो?" आणि तात्या बैल म्हणतो, "दुखणं त्याच्या पायात असलं की आपली पेरणी येळंवर होते."

मला हसू आलं. सकाळी जे पाहिलं त्यानंतरही आलं. ज्यानं लिहिलं त्याला शेतावरचं माहीत होतं.

पण काठी नव्हती.

मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. कार्टूनमधल्या माणसाचे हातपाय एकत्र करून वाढदिवसाच्या भेटीला बांधतात तसा लाल फितीचा फुगीर गोंडा बांधलेला होता. चित्र काढणाऱ्यानं बैल पाडताना कधी पाहिलाच नसावा. बाकीचे भागही पाहिले. मारामारी होती, विळे होते, एकाचं डोकं उसाच्या चरकात जातं आणि चपटं होऊन बाहेर येतं. काठी कुठंच नव्हती.

मग आदर्शनं आमच्या बैलांना पत्री ठोकताना पाहिलं असेल? पाहिलं होतंच. दर वर्षी पत्रीवाला येतो, बैल पाडतो, चारही पाय एका ठिकाणी आवळतो. पण बैलाच्या अंगाला ती काठी लावताच येत नाही. बैलाचं कोपर वर छातीला चिकटलेलं असतं. पुढच्या पायांनी मागच्या गुडघ्यांना मिठी मारणं त्याच्या सांध्यांना शक्य नाही. गुडघे पोटाशी घेऊन, हात त्यांच्यापुढे बांधून, मधून काठी घालायची, हे फक्त माणसाच्या शरीरावर करता येतं. म्हणजे आदर्शनं ते माणसावर केलेलं पाहिलं होतं.

पुढे व्यंकटनं गाणी मोठ्यानं लावली होती. मी हेडफोन काढले आणि आदर्शला जवळ ओढलं.

"आदू, काठी कशी घालायची हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. तसंच बांधतेत."

"कुणाला?"

"मलप्पाकाकाला." तो खिडकीतून बाहेर बघत होता. "मोटर हरवली होती ना, तवा. मी कडब्याच्या गंजीवर होतो. पप्पानं आन् व्यंकटकाकानं बांधलं. मग पायावर मारलं. पट्ट्यानं."

विहिरीवरची मोटर हरवल्याचं मला ठाऊक होतं. मी तेव्हा परीक्षेसाठी नांदेडला होते. ती नंतर दुरुस्तीच्या दुकानात सापडली. व्यंकटनंच नेऊन टाकली होती आणि विसरला होता. घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगत.

"मग?" मी विचारलं. "मलप्पाकाकानं काय केलं?"

"रडला लई. मग उठला आन् बैलांला कडबा टाकला."

त्यानं हे अगदी सहज सांगितलं. बांधलेला माणूस या पोरानं दोनदा पाहिला होता, एकदा पडद्यावर आणि एकदा गोठ्यात. एक माणूस उठून नाचला होता. दुसरा उठून कामाला लागला होता. दोन्ही वेळा माणूस उठला होता. यावरून सात वर्षांच्या कुणीही जो निष्कर्ष काढला असता, तोच त्यानं काढला होता.

मी त्या पाटीवरचा नंबर लावला. रिंग गेली. दादानं आरशातून पाहिलं, मागे वळला आणि माझा मोबाईल हिसकावून घेतला. नंबर पाहिला, बंद करून खिशात टाकला.

"त्याला सावध करून राहिलीस?"

"गाडी थांबव, दादा. बोलायचंय."

अहमदपूरला चहाला थांबलो. व्यंकट आदर्शला भजी घेऊन देत होता. तोच आधी बोलला. "वैजू, खरं सांगू का? माझा पोरगा बी रोज बघतंय ते. त्यानं तर कुणाला खिळा ठोकला न्हाई."

"मग?"

"मग काय न्हाई. म्हणलं आपलं." त्यानं चहा फुंकला. "मग मी कामून आलो, तेच बघून राहिलो."

दादा हसला नाही. मी त्याला टपरीच्या मागे नेलं. "खिळा कार्टूनमधला आहे," मी म्हणाले. "हसू पण कार्टूनमधलं आहे. पण काठी त्यात नाही. काठी त्यानं आपल्या गोठ्यात पाहिली. मलप्पाला तू बांधलं होतंस तेव्हा."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"पोराचं ऐकून भावाला फासावर देती का?" तो हळू म्हणाला. "मलप्पाला इचार. तो काय म्हणतो बघ."

"तो काय म्हणणार? त्याचं साल आपल्याकडं आहे. लेकराच्या टाचेत खिळा असताना तो तुला जाऊ द्या म्हणाला."

"मोटरीचं तवा मिटलं. आजचं येगळं हाय."

"वेगळं नाही. घरी चल, दादा."

"इतकं डिझेल जाळून?" तो जीपकडे चालू लागला. मग थांबला, वळला. "तनू, माझ्या लेकरानं दुसऱ्याच्या लेकराच्या पायात खिळा ठोकलाय. कुणीतरी शिकवल्याबिगर न्हाई ठोकत. समजलं का? कुणीतरी हाय."

त्याला कुणीतरी हवं होतं. ते मला तेव्हा स्पष्ट कळलं, आणि मी आदर्शला घेऊन मागे जीपमध्ये बसले.

लातुरात तो पत्ता क्लासच्या गल्लीत निघाला. खाली हॉलमध्ये पोरं खेटून बसली होती आणि सर माइकवर मूत्रपिंड शिकवत होते. वर गच्चीला लागून एक खोली. दार उघडंच होतं. एक बारीक अंगाचा चष्मेवाला पोरगा, असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा, कॉम्प्युटरवर मूत्रपिंडाचंच चित्र काढत होता. नलिकेचं वळण त्यानं बरोबर काढलं होतं.

"या, या. लग्नाचं का?" तो म्हणाला.

"बैलवाडी तूच काढतो का?" दादानं विचारलं.

"हाव!" त्याचा चेहरा उजळला. "आनंदराज म्हणतेत मला. बघता का तुम्ही?"

माझ्या हाताला धरून उभ्या असलेल्या आदर्शनं उडीच मारली. "आत्या, तात्या बैल! तोच आवाज हाय! ए, बोल ना. दोनपायी लंगडून राहिला बोल ना!"

आनंदराजचं हसू ओसरलं. "हे लेकरू बघतंय ते? भाऊ, ते लेकरांचं न्हाई. सुरुवातीलाच सांगितलंय की मी."

"लेकरांचं न्हाई, तर सूर्याला डोळे कामून काढलेस?" दादा म्हणाला. "फुलपाखरू कामून काढलंस? बालवाडीच्या बाईचा आवाज कामून टाकलास?"

"तीच तर गंमत हाय ना त्याच्यातली..." तो म्हणाला, आणि दादाचा शर्ट बघून थांबला. रक्त वाळून तपकिरी झालं होतं. "काय झालंय?"

दादानं सांगितलं. बांधणं सोडून सगळं सांगितलं. आनंदराज खुर्चीवरून उठला. "टाच का पंजा? नस वाचली का? लेकरू कसंय आता?" आणि मग, कुणी विचारलं नसताना, "खिळा माझाच हाय मग."

मला वाटलं, झालं. हेच ऐकायला दादा आला होता. पण दादाची नजर भिंतीवर गेली होती. तिथं निळ्या कोटातली तसबीर होती, खाली ताजी फुलं.

"हां," दादा म्हणाला. "तरीच. आम्हा पाटलांच्या पायात खिळे ठोकायची लई हौस."

"त्याच्यात पाटील बैल हाय, भाऊ," आनंदराज म्हणाला. "खिळे दुसऱ्याच्याच पायात..."

पहिला ठोसा चष्म्यावर बसला. काच फुटून भुवई उकलली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तो आंधळ्यासारखा हात पुढे करून मागे सरकला, तसा व्यंकटनं त्याला कमरेत लाथ घातली. तो टेबलावर आपटला. कॉम्प्युटर खाली गेला. दादानं केस धरून त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी आवाज ओला आला आणि एक दात फरशीवर पडून माझ्या पायाशी घरंगळला. तो ओरडत नव्हता. त्याच्या घशातून फक्त हवा जात-येत होती. खालून माइकवर सरांचा आवाज चालूच होता.

मी आदर्शला बाहेर ओढायला बघत होते. तो येत नव्हता. दाराची चौकट धरून तो वाकून बघत होता, सकाळसारखाच.

"सोड त्याला, दादा! मरेल तो!"

"व्यंकट, दोर."

व्यंकट दोर आणि दांडा वर घेऊनच आला होता. पुढचं ते दोघं एक शब्द न बोलता करू लागले. एकानं गुडघे छातीशी दाबले, दुसऱ्यानं हात पुढे ओढून मनगटं बांधली. कुणी कुठं बसायचं, कुणी काय धरायचं हे ठरलेलं होतं. आनंदराजच्या तोंडातून रक्ताचा फेस दादाच्या हातावर येत होता. व्यंकटनं दांडा घातला. घाईत तो कोपरांच्या खालून गेला.

"वरून, काका," आदर्श म्हणाला.

दोघांनीही वर पाहिलं.

"कोपराच्या वरून घालावं लागतंय. खालून सुटतंय ते." त्यानं मदतीसाठी हात पुढे केला होता.

व्यंकटचे हात थांबले. दांडा त्याच्या हातात तसाच राहिला. "वैजू," तो म्हणाला. "वैजू, हे पोरगं..."

"बांध," दादा म्हणाला. त्यानं कमरेचा पट्टा काढून मुठीभोवती गुंडाळला होता. "बांध म्हणतो ना."

जिन्यात पावलं वाजत होती. क्लासची दोन-तीन पोरं वर आली होती आणि दारात थबकली होती. मी त्यांच्याकडे तोंड करून, जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "हे कार्टूनमध्ये नाही. असं आमच्या घरी बांधतात. आमच्या गड्याला ह्यांनीच असं बांधून मारलं होतं. पोरानं ते पाहिलं. दादा, सांग त्याला. तुझ्या लेकराला सांग, कुणाचं बघून शिकला ते."

दादानं मला मारलं. पट्टा गुंडाळलेल्या मुठीनं, उलट्या हातानं, कानावर. लहानपणापासून त्यानं माझ्यावर हात उचलला नव्हता. बकलनं कानाची पाळी फाटली. जबडा एका बाजूला सरकल्यासारखं वाटलं आणि मी टेबलाच्या पायावर डोकं आपटून खाली पडले.

क्षणभर काही दिसलं नाही. मग फरशीची एक भेग दिसली, तिच्यातली काच दिसली. कानात शिट्टी वाजत होती. मी आधी हाताची बोटं हलवून पाहिली, मग पायाची. हलत होती. शुद्ध होती. मला उठता आलं असतं.

आणि मला आदर्शचे पाय दिसले. ते जवळ आले होते. तो वाट बघत होता.

मी उठले नाही.

डोळे मिटून घेतले आणि पडून राहिले. कानातून गरम रक्त मानेवर उतरत होतं, ते पुसलं नाही.

"आत्या," आदर्श म्हणाला. मग जरा थांबून, "आत्या, ऊठ ना."

"नाटक करू नको, तनू," दादाचा आवाज वरून आला. "ऊठ."

मी हलले नाही. खांद्याला छोटा हात लागला. हलवलं. मग जोरात हलवलं. माझं डोकं सैल सोडलेलं होतं, ते फरशीवर एकदा आपटलं, तसा तो हात झटकन मागे गेला.

"पप्पा, आत्या उठत न्हाई," तो म्हणाला. आणि मग रडू लागला. सकाळी चपलेनं मारल्यावर रडला होता तसं नव्हतं ते. त्याला श्वास मिळत नव्हता. "उठतेत ना? मारल्यावर उठतेत ना? पप्पा, ही कामून उठत न्हाई?"

पट्ट्याचं बकल फरशीवर पडल्याचा आवाज आला. दादा माझ्याजवळ बसला असावा, कारण त्याच्या घामाचा वास आला. पण त्याचा हात माझ्यापर्यंत पोहोचायच्या आत आदर्श मध्ये आला. "हात नको लावू तिला! तूच मारली!" त्यानं बापाला चावल्याचं, बोचकारल्याचं मी ऐकलं. दादा नुसता "आदू, आदू" करत होता.

दाणदाण पावलं वर आली. सर, क्लासची पोरं, शेजारचे कुणी. कुणीतरी व्यंकटला धरलं. त्यानं हिसडा दिल्याचं ऐकू आलं नाही. कुणीतरी आनंदराजचा दोर कापला. दोर सुटल्यावर त्याच्या तोंडून पहिल्यांदा आवाज फुटला आणि तो मला अजून ऐकू येतो. त्याचा डावा अंगठा व्यंकटच्या गुडघ्याखाली मोडला होता. उजवा हात वाचला होता. मला त्या हाताची काळजी होती, कारण तो चित्रं काढत होता.

मी डोळे उघडले तेव्हा दादा खोलीत नव्हता. तो जिन्याच्या पायरीवर बसला होता आणि दोन पोरं त्याच्यासमोर उभी होती, तो पळून जाईल म्हणून. तो पळून जाण्यासारखा दिसत नव्हता. पोलिसांना फोन गेला होता.

आदर्श माझ्या तोंडासमोर तोंड आणून बसला होता. नाकातून शेंबूड, गालावर माझं रक्त.

"उठती का?" त्यानं विचारलं.

"आत्ता नाही. लागलंय मला."

"लई?"

"लई."

"कुठं?"

मी त्याचा हात धरला. आधी कानावर ठेवला, मग जबड्याच्या सांध्यावर, मग डोक्याच्या मागे, जिथं टेंगूळ वर येत होतं. कुठं ठणकतंय, कुठं जळतंय, कुठं मुंग्या येताहेत ते एक-एक करून सांगितलं. तो प्रत्येक जागा बोटानं दाबून बघत होता. मी कळवळले की हात मागे घेत होता.

मग तो उठला. आनंदराज भिंतीला टेकून बसला होता, अंगठा मोडलेला हात मांडीवर घेऊन. क्लासचा एक पोरगा त्याच्या भुवईवर रुमाल धरून होता. आदर्श त्याच्यापासून हातभर लांब उभा राहिला.

"तुला कुठं?"

आनंदराजनं एका डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं. मग आपल्या साध्या आवाजात, बैलाच्या नाही, तो सांगायला लागला. तोंड सुजलं होतं, शब्द नीट येत नव्हते. आदर्श मधूनच "काय?" म्हणून विचारत होता, आणि तो पुन्हा सांगत होता.